निवृत्तीसाठी म्हैसूर: घर घेण्यापूर्वी काय तपासावे?

मध्यम हवामान, रुंद रस्ते, झाडांची सावली आणि महानगरांच्या तुलनेत निवांत जीवन यांमुळे निवृत्तीनंतर स्थायिक होण्यासाठी म्हैसूरचे नाव अनेक वर्षांपासून घेतले जाते. कर्नाटकाबाहेरील, विशेषतः मुंबई-पुण्यातील मराठी कुटुंबेही आता या शहराचा विचार करतात. महानगरातील सदनिका विकून म्हैसूरमध्ये घर घ्यावे आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर निश्चिंत राहावे, असा साधारण हिशेब असतो. तो वरकरणी बरोबर दिसतो. मात्र पर्यटक म्हणून आवडलेले शहर आणि म्हातारपणी साथ देणारे शहर या दोन गोष्टी एक नाहीत. निवृत्तीचे घर साठाव्या वर्षी घेतले जाते, पण त्याची खरी कसोटी ऐंशीच्या आसपास लागते.

घर दोघांचे, अखेर एकाची

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, तर कर्नाटकात ९.५ टक्के होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, साठी गाठलेली भारतीय व्यक्ती सरासरी आणखी १८.३ वर्षे जगते. पुरुषांसाठी हा आकडा १७.५ वर्षे, तर स्त्रियांसाठी १९ वर्षे आहे.

आपल्याकडे पती बहुधा वयाने मोठा असतो. हे लक्षात घेतल्यास या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो. घर दोघांसाठी घेतले जात असले तरी त्यातील शेवटची काही वर्षे अनेकदा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात आणि ती व्यक्ती बहुधा पत्नी असते. म्हणून गाव निवडताना विचारायचा प्रश्न ‘आपल्याला तेथे आवडेल का?’ एवढाच नाही. ‘आपल्यापैकी एकजण मागे राहिला, तर त्याला किंवा तिला तेथे एकट्याने निभावता येईल का?’ हा खरा प्रश्न आहे. हवामान, किंमत, रुग्णालय, भाषा आणि कागदपत्रे या साऱ्या बाबी याच प्रश्नाच्या प्रकाशात तपासाव्या लागतात.

म्हैसूरचे आकर्षण कशात आहे?

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर, म्हणजे पुण्यापेक्षाही सुमारे दोनशे मीटर उंच आहे. येथे उन्हाळा असतो, पण विदर्भ-मराठवाड्यासारखा होरपळणारा नाही. थंडी सौम्य असते आणि पाऊस कोकणासारखा महिनोन्‌महिने कोंडून ठेवत नाही. संधिवात किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना असे हवामान सुसह्य वाटू शकते.

शहराची रचना हीसुद्धा जमेची बाजू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगच्या साथीनंतर म्हैसूर संस्थानाने १९०३ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. देशातील अशा प्रकारच्या सुरुवातीच्या संस्थांमध्ये त्याची गणना होते. जुन्या भागातील प्रशस्त रस्ते, चौक आणि मोकळ्या जागा यांमागे हे दीर्घकालीन नियोजन आहे. शहरातील एका प्रमुख रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांचे नाव आहे, हे मराठी पाहुण्याला सुखावणारे ठरते. केंद्र सरकारने केलेल्या स्वच्छतेच्या मूल्यमापनात म्हैसूरने २०१५ मध्ये ४७६ शहरांत आणि २०१६ मध्ये ७३ शहरांत पहिला क्रमांक मिळवला होता.

तथापि, शहराची कीर्ती कायम टिकतेच असे नाही. ‘पेन्शनरांचे पुणे’ हा शब्दप्रयोग एकेकाळी यथार्थ होता. बंगळुरूलाही निवृत्तांचे नंदनवन म्हटले जात असे. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्तारानंतर या दोन्ही शहरांची वाहतूक, हवा आणि घरांच्या किमती यांत किती बदल झाला, हे सर्वज्ञात आहे. मार्च २०२३ मध्ये बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाल्यानंतर म्हैसूर बंगळुरूच्या अधिक जवळ आले. जवळीक वाढली की सोय वाढते आणि गर्दीही. त्यामुळे आजचे म्हैसूर पाहून घर घेणाऱ्याने आणखी अठरा-वीस वर्षांनंतरचे म्हैसूरही डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे.

दोन भावांची दोन शहरे

या विषयावर म्हैसूरच्याच दोन नामवंत सुपुत्रांचे आयुष्य बोलके आहे. ख्यातनाम इंग्रजी कादंबरीकार आर. के. नारायण यांनी म्हैसूरच्या यादवगिरी भागात स्वतःचे घर बांधले. १९४८ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १९५३ मध्ये पूर्ण झाले. मात्र १९९० च्या सुमारास प्रकृती खालावल्यावर ते मुलीच्या कुटुंबाजवळ राहण्यासाठी चेन्नईला गेले आणि २००१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. २०११ मध्ये पाडकाम सुरू झालेले त्यांचे यादवगिरीतील घर पुढे वाचवण्यात आले आणि २०१६ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले.

त्यांचे धाकटे बंधू, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ मध्ये म्हैसूरमध्येच झाला. त्यांची कारकीर्द मुंबईत घडली. उतारवयात ते जन्मगावी परतले नाहीत. त्यांची अखेरची वर्षे पुण्यात गेली आणि २६ जानेवारी २०१५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

दोघांनाही म्हैसूर परके नव्हते. तेथील भाषा, माणसे आणि गल्लीबोळ त्यांच्या ओळखीचे होते. तरीही दोघांचा शेवट दुसऱ्या शहरात झाला. नारायण यांच्या बाबतीत तर निर्णय कशाने फिरला हे स्पष्टच आहे. आजारपणात हवामानापेक्षा आणि हौसेने बांधलेल्या घरापेक्षाही आपल्या माणसांचा आधार महत्त्वाचा ठरतो.

रुग्णालयाचे अंतर

वैद्यकीय सुविधांच्या बाबतीत म्हैसूर अनेक समकक्ष शहरांपेक्षा पुढे आहे. १९२४ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कृष्णराजेंद्र रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, खासगी क्षेत्रातील अपोलो बीजीएस आणि मणिपाल ही रुग्णालये, तसेच हृदयविकारासाठी जयदेव हृद्रोग संस्थेचे केंद्र शहरात आहे. ज्येष्ठांच्या दृष्टीने आणखी एक संस्था महत्त्वाची आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून म्हैसूरमध्ये कार्यरत असून श्रवणदोषाची तपासणी, श्रवणयंत्रे आणि पक्षाघातानंतरच्या वाचादोषावरील उपचार यांसाठी ती देशभर ओळखली जाते.

मात्र शहरात रुग्णालय असणे आणि ते घरापासून जवळ असणे यांत फरक आहे. हृदयविकार आणि पक्षाघात या दोन्हींमध्ये पहिले काही तास निर्णायक असतात. घर पाहायला जाताना जवळच्या अतिदक्षता विभागापर्यंतचे अंतर सकाळी आणि सायंकाळी, प्रत्यक्ष वाहतुकीत मोजून पाहावे. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका कोठून येईल, हे शेजाऱ्यांना विचारावे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी बंगळुरू गाठावे लागले, तर द्रुतगती मार्गावरून सुमारे दीड तास लागतो असे सांगितले जाते. पण बंगळुरूच्या वेशीपासून रुग्णालयापर्यंतचा वेळ त्यात धरलेला नसतो.

आरोग्य विम्याची कंपनी म्हैसूरमधील कोणत्या रुग्णालयांत रोकडविरहित सेवा देते, हेही आधीच तपासणे हिताचे आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची आयुष्मान योजना लागू केली. तिचा लाभ घ्यायचा असल्यास जवळचे रुग्णालय योजनेच्या यादीत आहे की नाही, याची खात्री करावी.

भाषेचा प्रश्न

म्हैसूरमध्ये इंग्रजी आणि कामचलाऊ हिंदीवर व्यवहार चालतो, असा अनुभव पर्यटकांना येतो. हॉटेल, बँक किंवा मोठ्या रुग्णालयापुरते ते खरेही आहे. पण स्थायिक झालेल्याचा संबंध घरकामाच्या बाईंशी, नळ दुरुस्त करणाऱ्याशी, भाजीवाल्याशी, रिक्षाचालकाशी आणि रात्रपाळीच्या परिचारिकेशी येतो. तेथे कन्नडला पर्याय नसतो. पालिकेच्या नोटिसा, करपावत्या आणि जमिनीचे उतारे कन्नडमध्ये असतात.

साठाव्या वर्षी उत्साहाने चार वाक्ये शिकता येतात, लिपीही महिन्या-दोन महिन्यांत ओळखीची होते. अडचण पुढे येते. कोठे आणि कसे दुखते हे सांगण्याची वेळ आली की माणूस मातृभाषेकडे वळतो. स्मृतिभ्रंश झालेल्या काही रुग्णांमध्ये उशिरा शिकलेली भाषा आधी निसटत जाते, असे वैद्यकीय निरीक्षण आहे. घराबाहेरचे व्यवहार आजवर पतीच पाहत आला असेल, तर पत्नीने त्याच्याइतकेच, किंबहुना त्याच्याआधी, कन्नड शिकणे गरजेचे ठरते.

महाराष्ट्राशी जा-ये

म्हैसूर ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे ८५० ते ९०० किलोमीटर आहे. दादर-म्हैसूर शरावती एक्स्प्रेस पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गाने आठवड्यातून एकदा धावते. सोलापूरमार्गे पंढरपूर आणि म्हैसूर यांना जोडणारी गोलगुंबझ एक्स्प्रेस ही आणखी एक सोय आहे. परंतु रेल्वेने मुंबई किंवा पुणे गाठायला जवळपास एक दिवस लागतो. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलतही मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली.

म्हैसूरच्या मंडकळ्ळी विमानतळाची धावपट्टी लहान असल्याने तेथे छोटी विमानेच उतरू शकतात. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला बहुधा बंगळुरूच्या विमानतळावर अवलंबून राहावे लागते आणि तो विमानतळ बंगळुरूच्या उत्तरेला, म्हणजे म्हैसूरपासून शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे. मुलगा किंवा मुलगी बंगळुरूमध्ये नोकरीला असेल, तर म्हैसूर सोयीचे आहे. मुले मुंबईत, पुण्यात किंवा परदेशात असतील, तर फोन आल्यापासून त्यांना घराच्या दारात पोहोचायला किती तास लागतील, याचा हिशेब कागदावर मांडावा.

शहराचा कोणता भाग?

यादवगिरी, जयलक्ष्मीपुरम, वाणीविलास मोहल्ला, गोकुलम, सरस्वतीपुरम, कुवेंपुनगर हे प्रस्थापित भाग आहेत. तेथे दुकाने, दवाखाने, बसथांबे आणि बागा पायी जाण्याच्या अंतरावर मिळू शकतात. साहजिकच किमती अधिक आहेत आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचा खर्चही असतो. याउलट वर्तुळाकार मार्गाच्या पलीकडे पसरलेल्या नव्या वसाहतींमध्ये, ज्यांना स्थानिक बोलीत ‘लेआउट’ म्हणतात, तेवढ्याच पैशात मोठी जागा मिळते. तेथे भूखंडाला ‘साइट’ म्हणतात आणि ‘तीस बाय चाळीस’ किंवा ‘साठ बाय चाळीस’ अशा फुटांच्या मापात तो विकला जातो.

नव्या वसाहतीत दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला पाण्याचा. म्हैसूरला कावेरी आणि कबिनी या नद्यांचे पाणी मिळते, पण प्रत्येक खासगी वसाहतीपर्यंत ते पोहोचलेले असेलच असे नाही. कूपनलिका किंवा टँकर यांवर चालणारी वसाहत पावसाळ्यात उत्तम वाटते. तिची खरी परिस्थिती एप्रिल महिन्यात कळते. दुसरा प्रश्न स्थानिक संस्थेचा. हूटगळ्ळी, बोगादी, श्रीरामपुरा यांसारख्या शहरालगतच्या भागांसाठी २०२० नंतर स्वतंत्र नगरपरिषदा आणि नगरपंचायती करण्यात आल्या. काही वसाहती ग्रामपंचायतीकडे, तर काही अद्याप विकासकाकडेच असू शकतात. कचरा कोण उचलतो, पथदिवे कोण लावतो, कर कोठे भरायचा आणि सांडपाणी कोठे जाते, याचे उत्तर वसाहतीगणिक बदलते.

बसथांब्यापर्यंत चालत जाता येणे ही गोष्ट साठाव्या वर्षी किरकोळ वाटते. पंचाहत्तरीनंतर मोटार चालवणे थांबते, तेव्हा तोच स्वातंत्र्याचा आधार ठरतो. कर्नाटकात जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेनुसार राज्यातील रहिवासी स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातील पत्ता असावा लागतो.

कागदपत्रे: ओळखीच्या गोष्टी, अनोळखी नावे

महाराष्ट्रातून येणाऱ्या ग्राहकाची फसगत होण्याची शक्यता सर्वाधिक असते ती कागदपत्रांत, कारण तीच गोष्ट येथे वेगळ्या नावाने ओळखली जाते. सातबाऱ्याशी मिळताजुळता उतारा कर्नाटकात ‘पहाणी’ किंवा ‘आरटीसी’ म्हणून ओळखला जातो. शहरी मालमत्तेच्या कर-नोंदीला ‘खाता’ म्हणतात. मालमत्तेवरील कर्ज व पूर्वीच्या नोंदणीकृत व्यवहारांची माहिती देणाऱ्या बोजा दाखल्याला सर्रास ‘ईसी’ म्हटले जाते. शेतजमीन बिगरशेती करण्याच्या, म्हणजेच आपल्याकडील ‘एनए’च्या प्रक्रियेला ‘डीसी कन्व्हर्जन’ असे नाव आहे, कारण तो आदेश उपायुक्त, म्हणजे कर्नाटकातील जिल्हाधिकारी, देतात.

बिगरशेती परवानगी न घेता पाडलेल्या भूखंडांना ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात. ते स्वस्त असतात आणि धोकादायकही. त्याचप्रमाणे ‘ए खाता’ आणि ‘बी खाता’ यांतील फरक जाणून घ्यावा. नियमानुसार मंजुरी असलेल्या मालमत्तांची नोंद ‘ए’मध्ये होते. ‘बी’मधील नोंद मुख्यतः करवसुलीसाठी असते, ती मिळाली म्हणून बांधकाम किंवा वसाहत अधिकृत ठरत नाही. २०२४ च्या अखेरीपासून कर्नाटकात मालमत्तेच्या खरेदी-नोंदणीसाठी ‘ई-खाता’ आवश्यक करण्यात आला आहे. विक्रेत्याकडे तो नसेल, तर इसाराची रक्कम देण्याची घाई करू नये.

शेतघराचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकात २०२० मधील कायदा दुरुस्तीने ही अट शिथिल झाली. त्यामुळे म्हैसूरच्या आसपास शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्याच्या जाहिराती परराज्यातील ग्राहकांपर्यंत पोहोचतात. जमीन घेता येते याचा अर्थ तेथे हवे तसे घर बांधता येते, असा नाही. शिवाय गावापासून दूर, एकाकी शेतघर हे ऐंशीच्या वयासाठी कितपत योग्य आहे, हा प्रश्न कायद्यापेक्षाही मोठा आहे.

सरकारी संस्थेचे नाव जोडलेले असले म्हणजे तपासणीची गरज संपते, असेही नाही. म्हैसूर नगर विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘मुडा’ने, संपादित जमिनीच्या मोबदल्यात केलेल्या भूखंड वाटपावरून २०२४ मध्ये राज्यभर मोठा वाद झाला आणि चौकशी यंत्रणांनी त्यात लक्ष घातले. त्यामुळे प्राधिकरणाने दिलेला भूखंड पुनर्विक्रीत घेताना मूळ वाटपपत्र, ताबा प्रमाणपत्र आणि त्यानंतरची संपूर्ण साखळी स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावी. हा वकील विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा. नव्या प्रकल्पाची नोंद कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील किंवा आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला अशी नोंदणी बंधनकारक आहे आणि भूखंडांच्या वसाहतींनाही ती लागू होते.

बंगला, सदनिका की ज्येष्ठांची वसाहत?

म्हैसूरला येणाऱ्या अनेकांच्या मनात अंगणासह स्वतंत्र घर असते. महानगरातील दोन खोल्यांत आयुष्य गेलेल्यांना ते हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण स्वतंत्र घराची देखभाल, सुरक्षितता आणि आजारपणात हाकेच्या अंतरावर माणूस असणे या गोष्टींचा भार पूर्णतः घरमालकावर पडतो. उद्वाहक असलेल्या इमारतीतील सदनिकेत शेजार आणि रखवालदार असतो, पण मासिक देखभाल खर्च सुटत नाही.

तिसरा पर्याय ज्येष्ठांसाठी खास बांधलेल्या वसाहतींचा आहे. दक्षिणेत कोइमतूर आणि महाराष्ट्रात पुणे ही या प्रकारची ठळक केंद्रे मानली जातात. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्ती निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, तर महाराष्ट्रात महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी निकष ठरवून दिले. स्ट्रेचर मावेल असे उद्वाहक, चाकाची खुर्ची जाईल इतके रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी, स्नानगृहात आधाराच्या कड्या आणि आणीबाणीची घंटा या गोष्टी साध्या घरातही पाहता येतात. अशा वसाहतीत पैसे गुंतवताना तीन बाबी लेखी घ्याव्यात: मालकी मिळते की केवळ राहण्याचा हक्क, देखभाल शुल्क दरवर्षी किती वाढेल, आणि अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाची काळजी घेतली जाते की त्याला अन्यत्र हलवण्यास सांगितले जाते.

पैशांचा हिशेब

कर्नाटकात ४५ लाख रुपयांवरील मालमत्तेवर ५ टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर उपकर आणि अधिभार, तसेच नोंदणी शुल्क भरावे लागते. नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून १ टक्क्यावरून २ टक्के झाले. म्हणजे ८० लाखांच्या घरावर केवळ सरकारी शुल्कापोटी सुमारे ६ लाख रुपये जातात. शहर मानवले नाही आणि घर विकावे लागले, तर ही रक्कम परत मिळत नाही. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का प्राप्तिकर कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत.

जुने घर विकून होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील करातून सवलत हवी असल्यास, विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत दुसरे घर घ्यावे लागते. बांधायचे असल्यास तीन वर्षांची मुदत असते. दरम्यानच्या काळात रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवता येते. नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यास मात्र सवलत काढून घेतली जाते. तेव्हा चुकलेल्या खरेदीचा भुर्दंड दुहेरी असतो.

सर्व पुंजी विटा-सिमेंटमध्ये अडकवणे हा सर्वांत मोठा धोका आहे. शुश्रूषेसाठी पूर्णवेळ माणूस ठेवावा लागला, तर दरमहा रोख रक्कम लागते आणि घराची एक खोली विकून ती उभी करता येत नाही. घर दोघांच्या नावे घेणे, मृत्युपत्र करणे आणि बँक खाती संयुक्त ठेवणे या गोष्टी खरेदीबरोबरच उरकाव्यात. परक्या राज्यात एकट्या राहिलेल्या व्यक्तीला वारसा प्रमाणपत्रासाठी कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागू नयेत, हा त्यामागील उद्देश आहे.

आधी भाड्याने

या सर्व बाबींचा विचार करता, म्हैसूरला स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पहिले वर्ष भाड्याने राहणे. महाराष्ट्रातील घर लगेच विकण्याऐवजी भाड्याने द्यावे. गृहनिर्माण संस्था त्यासाठी बिगरभोगवटा शुल्क आकारू शकते, पण राज्य सरकारच्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. विक्री आधीच झाली असली तरी कायद्याने दिलेली दोन वर्षांची मुदत हाताशी असते.

भाड्याने घेताना ‘लीज’ हा शब्द जपून ऐकावा. कर्नाटकात त्याचा रूढ अर्थ मोठी ठोक रक्कम मालकाकडे ठेवून दरमहा भाडे न देता राहणे, असा आहे. मुदत संपल्यावर रक्कम परत मिळणे अपेक्षित असते. मालकाने घरावर कर्ज काढले असेल किंवा त्याच्याकडे पैसे उरले नसतील, तर भाडेकरूची पुंजी अडकते. निवृत्त व्यक्तीने शक्यतो साधा मासिक भाडेकरार करावा. महाराष्ट्रातील मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवल्यास पुनर्नोंदणी करून तेथील कर भरावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

या वर्षात एप्रिलचा उन्हाळा, जुलैचा पाऊस आणि दसऱ्याची गर्दी असे तिन्ही काळ अनुभवाला येतात. त्यातील एक महिना मोटारीविना काढून पाहावा. तसेच दोघांपैकी एकाने काही आठवडे महाराष्ट्रात जाऊन राहावे आणि दुसऱ्याने म्हैसूरमधील बँक, दवाखाना, गॅस, वीजबिल आणि दुरुस्तीची कामे एकट्याने करावीत. कोणत्याही जाहिरातीतून किंवा सल्लागाराकडून न मिळणारे उत्तर या काही आठवड्यांत मिळते.

अन्य पर्यायांशी तुलना

म्हैसूर नको असा याचा अर्थ नाही. मुले बंगळुरूमध्ये असणाऱ्या, कन्नड येणाऱ्या किंवा शिकण्याची तयारी असणाऱ्या आणि शहराच्या जुन्या भागात लहान घर परवडणाऱ्या कुटुंबांना ते उत्तम ठरू शकते. ज्यांना केवळ सौम्य हवामान हवे आहे, त्यांनी सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावचाही विचार करावा. तेथे कागदपत्रे कन्नडमध्ये असली तरी बाजारात आणि दवाखान्यात मराठी चालते. कोल्हापूर आणि नाशिक येथे भाषा, कायदा आणि नातेवाईक तिन्ही ओळखीचे असतात. कोकणातील मूळ गावी घर असेल, तर तेथून सुसज्ज रुग्णालय किती तासांवर आहे, या एका प्रश्नावर बरेच काही ठरते.

अखेर शहरांची क्रमवारी दुसरे कोणी लावून देऊ शकत नाही. पत्नीला बाजारातून एकटीने घरी येता येईल का, पतीला रात्री एकट्याने डॉक्टरांना बोलावता येईल का, दोन दिवस दार उघडले नाही तर चौकशी करणारा शेजारी आहे का, आणि बोलावल्यास मुले किती तासांत पोहोचतील, या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जेथे मिळतात, तेथे घर घ्यावे. चामुंडी टेकडीचा गारवा आणि यादवगिरीची झाडे ही त्यानंतरची जमेची बाजू आहे.